तिसऱ्या फेऱ्याला कळते

आमच्या घरमालकांकडे कोणी पाहुणा आला की ते आधी त्याच्या छत्रीची मूठ पिळून पाहत. मूठ फिरून निघाली तर पाहुणा बरा. निघाली नाही, नुसती लाखेने चिकटवलेली असली, तर त्याला पाणी लगेच मिळे, पण कॉफीला वेळ लागे. निघालेल्या मुठीच्या आट्यांवरून ते डोळे मिटून अंगठ्याचे नख फिरवत आणि इंचात किती आटे बसतात ते सांगत. मग कमरेला खोचलेली पोलादी फणी काढत. तिला चाकूसारखी पुष्कळ पाती होती आणि प्रत्येक पात्याला वेगळ्या मापाचे दात. पाते आट्यांवर ठेवून, उजेडाकडे धरून, दातांमधून उजेड दिसत नाही ना ते बघत. नख बरोबर ठरले की पाहुण्याकडे बघून हसत, जणू त्यानेच काही मोठे काम केले आहे.

आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. गल्लीत त्यांचे नाव ‘पट्टरै राव’ होते. पट्टरै म्हणजे लोहाराची भट्टी, कारखाना. तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी लोकांत कोणी कचेरीत असे, कोणी शाळेत, कोणी मठात भजन सांगे. आप्पांनी मात्र तरुणपणी कचेरीची नोकरी सोडून रेल्वेच्या कारखान्यात लोखंड कातायला सुरुवात केली होती, आणि म्हातारपणी घरामागच्या गोठ्यात गाईच्या जागी लेथ आणून ठेवला होता. समोरच्या घरातली अम्माळ तिण्णैवर, म्हणजे दारच्या ओट्यावर, बसून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, “गाय असती तर निदान शेण तरी मिळाले असते.”

आप्पांनी एकदा ते ऐकले. बाहेर येऊन तमिळमध्ये म्हणाले, “अम्मा, माझी गाय वैरण मागत नाही. तुमची मागते आणि शिवाय लाथ मारते.” अम्माळ हसली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या पाण्याच्या पितळी कूजाचे न बसणारे झाकण पाठवून दिले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा लहान होते. आम्ही मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. माझे यजमान तिरुभुवनमला एका रेशमाच्या दुकानात कामाला जात. सकाळी गेले की दिवे लागल्यावर परत. मला बाहेरच्या माणसांसमोर बोलता येत नसे. गळ्यात शब्द असे, तोंडात येईपर्यंत विरघळून जाई. माहेरी मला ‘मुकी’ म्हणत, सासरी ‘गर्विष्ठ’. आप्पांनी काहीच नाव दिले नाही. पहिल्या दिवशी मी चूल पेटवत होते. ते दाराबाहेर उभे राहून म्हणाले, “मुली, तुझ्या तेलाच्या बरणीचे झाकण घट्ट बसते की?”

मी मान हलवली. नाही.

“मग दे. आणि बरणीही दे. झाकण एकटे पाठवू नये. जोडीचे माप एकट्यावर घेता येत नाही.”

संध्याकाळी बरणी परत आली, नव्या पितळी झाकणासह. एका बोटाने फिरवले तर तळापर्यंत गेले. त्यांच्या घरात अस्के, म्हणजे सगळेच, असे होते. समई तीन तुकड्यांची, पिळून जोडायची. लोणच्याच्या बरण्या, अडकित्त्याचा खिळा, देव्हाऱ्याचा कळस, सगळ्याला आटे. विधुर माणूस, मूलबाळ नाही. घरात वस्तूंचीच लग्ने लावत बसलेला.

लग्नावरून आठवले. त्यांचे एक वाक्य होते, ते कोठेही लावत. एखादा नट चुकीच्या स्क्रूवर चढवला तर पहिला फेरा जातो, दुसराही जातो, मग अडकतो. म्हणून म्हणत, “दोन फेरे कोणीही जातो. तिसऱ्या फेऱ्याला कळते.” नवे कूळ आले की हेच. कोणाच्या घरी सोयरीक जमली की हेच. एकदा मठात मुलीच्या बापासमोर म्हणाले, आणि तो माणूस पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. आप्पांना त्याचे वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. म्हणाले, “बघ, तिसऱ्याला अडकला.”

अडकलेली गोष्ट जोर लावून फिरवायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. उलटी फिरवायची, पूर्ण सोडवायची, पुसायची आणि पहिल्यापासून बघायचे. यजमान एकदा कुलूप उघडेना म्हणून किल्लीला पक्कड लावत होते. आप्पा गोठ्यातून ओरडत आले, “नको! नको! ते नाही म्हणते आहे, ऐका!” यजमान मला नंतर म्हणाले, “कुलपाचेही ऐकतात हे. माणसांचे कधी ऐकतील?” पण मला ते वाक्य आवडले होते. नाही म्हणणाऱ्या वस्तूचे ऐकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांची तिसरी गोष्ट म्हणजे चुकांची माळ. चुकीच्या मापाची कातलेली प्रत्येक कडी ते गोठ्याच्या दारावर तारेत ओवून टांगत. माळ इतकी खाली आली होती की आत जाताना वाकावे लागे. कोणी विचारले की म्हणत, “दाराला तोरण नको?”

आता मोठ्या यंत्राचे सांगते.

आप्पांचा लेथ छोटा होता, पायाने चालवायचा. त्यावर भांडी कातणाऱ्या कासारांची किरकोळ कामे होत. एक दिवस ते नागपट्टणला गेले आणि बैलगाडीत एक मोठा लेथ घालून घेऊन आले. बंदरावर मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीतला होता. विकणाऱ्याने सांगितले, इंग्रजी माल. नाव कोरलेली पट्टी कोणी तरी उपटून नेली होती. यंत्र सगळे ठीक होते, पण काम पकडणारी तबकडी, जिला ते चक म्हणत, ती नव्हती. आणि चकवाचून तो लेथ म्हणजे हात नसलेला माणूस.

चक नवी करता येते. पण ती यंत्राच्या फिरत्या दांड्याच्या नाकावर पिळून बसवावी लागते, आणि नाकावर जे आटे असतात नेमके तेच चकच्या भोकात पाडावे लागतात. आप्पांना यात काय अवघड? नख फिरवले, फणी लावली. सहाचे पाते जवळ आले, पण उजेड दिसला. सातचे त्याहून वाईट. आप्पा म्हणाले, “झिजले आहे. बोटीवर खाऱ्या वाऱ्यात झिजणारच.” छोट्या लेथवर सहाची एक कडी कातून पाहिली. एक फेरा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला अडकली. माळेत गेली. मग साडेसहाची. ती थोडी जास्त गेली आणि अडकली. तीही माळेत गेली. मग आणखी काही. माळ माझ्या कपाळापर्यंत आली.

इकडे त्यांचा भाचा होता तंजावरला. चांगला माणूस, कोर्टात कारकून, मामाची काळजी करणारा. पण त्याला या म्हाताऱ्याचे काय करावे ते कळेना. लोखंडावर पडून हातपाय मोडतील, एकटे आहेत, म्हणून तो त्यांना स्वतःकडे घेऊन जायला बघत होता. आप्पांनी शेवटी त्याला वचन दिले होते, “दसऱ्यापर्यंत यंत्र चालले नाही तर गोठा रिकामा करतो आणि तुझ्या घरी येऊन बसतो. तू सांगशील तिथे.” घर विकले जाणार होते. आम्हालाही जागा शोधावी लागली असती. पण मला खरी भीती दुसरी होती. तंजावरच्या त्या घरात, झोपाळ्यावर बसून, कमरेची फणी कोणाला दाखवणार होते ते?

दसरा जवळ आला. आप्पांनी ठरवले की नाकावरचे जुने आटे कानशीने घासून टाकायचे आणि त्यांच्या मापाचे नवे पाडायचे. यजमानांना सांगत होते. आवाज नेहमीचा नव्हता.

“तसे केले तर चालेल ना?” यजमानांनी विचारले.

“चालेलही. नाक बारीक होईल. जोराच्या कामाला तुटेलही. आणि एकदा घासले की पहिले माप गेले. मग कोणालाच कळणार नाही ते काय म्हणत होते.”

“मग कशास करता?”

“दसऱ्याला भाच्याची गाडी येते आहे,” आप्पा म्हणाले.

खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे हत्यारे पुजतात. पुस्तकेही ठेवतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अक्षर वाचायचे नाही. आप्पांनी छोटा लेथ धुऊन पुसून चंदन-कुंकू लावले. पाटावर फणी, पट्टी, कंपास, कानशी, सगळे मांडून फुले वाहिली. मोठ्या यंत्राला मात्र कुंकू लावले नाही.

“त्याला का नाही?” यजमान म्हणाले.

“अजून त्याने काम कोठे केले? काम न केलेले ते हत्यार नव्हे. पाहुणा आहे. जेवून जाईल.”

पूजा झाली, हरभऱ्याचे सुंडल वाटून झाले, यजमान मठात गेले. आप्पा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून त्या नाकाकडे बघत होते. हातात काही नाही, कमरेला फणी नाही. मी आत दसऱ्यासाठी मुरुक्कूचे, म्हणजे चकलीचे, पीठ भिजवत होते. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“मुली, पीठ हे हत्यार नव्हे ना?”

मी मान हलवली.

“मग एक गोळा दे.”

गोळा घेऊन गेले. परत आले, बोटांना पीठ चिकटलेले. दुसरा घेऊन गेले. परत आले. “चिकटते गे हे. त्या नाकाचा ठसा घ्यावा म्हणतो, जाण्याआधी. उद्या ते उरणार नाही. जरा तू येतेस? तुझे हात पीठ ओळखतात.”

मी कधी गोठ्यात गेले नव्हते. माळेखालून वाकून गेले. बरोबर तिळाचे तेल नेले. साच्याला लावतो तसे नाकाला बोटाने तेल लावले, पीठ थोडे घट्ट मळून लांब पट्टी केली, दाबली आणि हळूच सोडवली. कंगोरे स्वच्छ उठले, टोकदार, मुरुक्कूसारखेच. आप्पा एकदम लहान मुलासारखे म्हणाले, “अरे वा!” आणि केळीच्या पानावर ती पट्टी ठेवून तिच्याशी बोलायला लागले, की झिजला आहेस, तुझा दोष नाही, वगैरे.

माझ्या हातात पीठ उरले होते. यंत्राच्या पुढच्या बाजूला एक लांब दांडा आडवा होता, त्याच्यावरही आटे होते, पण चपटे, रुंद, पायऱ्यांसारखे. त्याच दांड्याने हत्यार पुढे सरकते असे ते कधी यजमानांना सांगत होते. मी तेल लावून त्याच्यावरही पीठ दाबले. का, ते सांगता येत नाही. पीठ होते, नक्षी चांगली होती. दुसरी पट्टी पानावर पहिलीच्या शेजारी ठेवली.

आणि मला दिसले. एकीचे कंगोरे टोकदार, दुसरीचे चपटे. दिसायला एक सुई तर एक वीट. पण जिथे एकीचा कंगोरा तिथे दुसरीचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठे पुढे नाही, कुठे मागे नाही. कोलम्, म्हणजे दारातली रांगोळी, काढताना दोन ओळींचे ठिपके समोरासमोर येतात तसे. रोज पहाटे ठिपके घालणाऱ्या बाईला ठिपका जरा हलला तरी दाताखाली खडा आल्यासारखे होते. इथे एकही खडा नव्हता.

आप्पा सांगत होते, उद्या कानशीचा पहिला हात कोणत्या बाजूने द्यायचा ते. मी पान उचलून त्यांच्या समोर ठेवले.

“काय?”

मी बोटाने दाखवले.

“हो, ठसा. चांगला आला. काय?”

शब्द गळ्यात होता. मला वाटले आता विरघळेल. आणि मनात आले, उद्या ते घासले की मग कोणालाच कळणार नाही.

“दोन्ही एकच आहेत,” मी म्हणाले.

“कोणती दोन्ही? हा दांडा वेगळा, नाक वेगळे. याचे आटे...” ते बोलता बोलता थांबले. वाकले. नख काढले. टोकदार पट्टीवरून चपट्या पट्टीकडे, परत इकडे. डोळे मिटून.

“झिजलेले नाही,” आप्पा म्हणाले. “मुली, हे झिजलेले नाहीच! झिजले असते तर दोन्ही सारखी कशी झिजतील? एक आत तेलात, एक बाहेर वाऱ्यावर. हे मापच वेगळे आहे. याच्या घरचे माप आहे हे. मी शहाणा त्याला साहेबाचा इंच लावीत बसलो. जन्मभर इंचच पाहिला ना. जगात दुसरे माप असेल हे डोक्यातच आले नाही. आणि ते बिचारे रोज सांगते आहे, नाही, नाही, नाही, आणि मी कड्या टांगतो आहे!”

मग ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला आणि मला पाणी आणावे लागले. नवमीच्या दिवशी, हातात एकही हत्यार नसताना. पाणी पिऊन म्हणाले, “फणी कमरेला असती तर मी पुन्हा फणीच लावली असती.”

दुसऱ्या दिवशी भाचा आला. गोठ्यात शिरताना माळ कपाळाला लागली. “मामा, हे तोरण अजून वाढलेच आहे की,” तो कपाळ चोळत म्हणाला. “चला. गाडी बाहेर आहे.”

“चलतो. पण यंत्राचे दुखणे कळले. पौर्णिमेपर्यंत थांब.”

“प्रत्येक वेळी कळते मामा. या कड्या आहेत तितक्या वेळा कळले आहे.”

“या वेळी मला नाही कळले. हिला कळले. हिला विचार.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी दाराआड होते. पदर दातांत. आप्पा माझ्याकडे बघतही नव्हते, जणू मी रोज कोर्टातल्या माणसांशी बोलते. एवढेच म्हणाले, “सांग मुली. जोर लावू नकोस. येईल तेव्हा येऊ दे.”

भाचा थांबला, हे त्याचे चांगलेपण.

“नाक घासू नये,” मी म्हणाले. “ते नाक आणि तो दांडा सख्खे आहेत. त्यांना त्यांच्याच मापाचे हवे.” मग आणखी एक वाक्य आले, माझे मलाच नवल वाटले. “आप्पांना पण.”

भाच्याने जोडे काढले आणि खाली बसला. “जेवायला काय आहे?” म्हणाला.

यजमान दुकानातून कारैकालच्या व्यापाऱ्यांसाठी ठेवलेली फ्रेंच मापाची, मीटरची काठी घेऊन आले. तिकडे कापड गजाने नव्हे, तिने मोजत. पिठाच्या पट्टीला लावली. पाच आटे बरोबर काठीच्या दोन घरांत बसले, पुढचे पाच पुढच्या दोन घरांत, कुठे काही उरले नाही. आप्पांनी ती काठी कपाळाला लावली. मग मोठ्या यंत्रावरच, चकवाचून, दोन टोकांमध्ये पोलादाचा दांडका धरून, त्याच्याच लांब आट्याच्या आधाराने त्यांनी आटे पाडायचे हत्यार कातले. छोट्या लेथचे पायाने फिरणारे चाक पट्ट्याने मोठ्याला जोडले होते, आणि भाचा आणि यजमान आळीपाळीने पाय मारत होते. भाचा म्हणे, “कोर्टात बसायची सवय, इथे माझी शिक्षा चालू आहे.” हत्यार कोळशात तापवून कडक केले आणि त्याने नव्या चकच्या भोकात आटे पाडले.

पौर्णिमेला चक नाकावर चढवायची वेळ आली तेव्हा आप्पांनी हात मागे घेतले. “तू चढव,” भाच्याला म्हणाले.

एक फेरा. दोन. भाचा थांबला आणि वर बघितले. आम्ही सगळेच थांबलो. मग त्याने एका बोटाने ढकलले, आणि तिसरा फेरा गेला, चौथा गेला, आणि चक तेलावरून सरकत सरकत जाऊन शेवटी टेकली. आवाज झाला तो फक्त टेकण्याचा.

“आता काय?” भाचा म्हणाला.

“आता जेव आणि गाडी जोड. एकटाच जा.”

भाचा गेला. जाताना यजमानांना बाजूला घेऊन म्हणाला, “यांच्याकडे लक्ष ठेवा,” आणि मग माझ्या दाराकडे बघून, “तुम्ही पण हो, वहिनी.” मला कोणी काम सोपवून गेले, बाहेरच्या माणसाने, अशी ती पहिली वेळ.

त्या दिवशी आप्पांनी मला बोलावून कुंकवाची वाटी दिली. “नवमी होऊन गेली, पण हे आता हत्यार झाले. तू लाव.” मी लावले. ते यंत्र पुढे पुष्कळ वर्षे चालले. तिरुभुवनमच्या मागांचे भाग त्यावर झाले, कासारांचे साचे झाले. आप्पा तंजावरला गेले ते फक्त भाच्याच्या मुलांच्या मुंजींना, आणि तिथे लोकांच्या छत्र्या पिळून परत आले. चुकांची माळ काढली नाही. फक्त शेवटी पिठाची वाळलेली पट्टी बांधली होती. तिला उंदरांनी खाल्ले.

म्हणून दर खंडेनवमीला, पूजा झाली की, ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणत, “मुली, तोरणाला कमी पडते आहे.” मी पीठ घेऊन गोठ्यात जाई. तोवर मी वाकायचे सोडले होते, माळ हाताने बाजूला करून जायची. मठातल्या बायकांशी बोलायची, भाजीवाल्याशी भांडायची. तमिळमध्येसुद्धा. अम्माळ म्हणे, “पट्टरै रावांनी हिच्याही तोंडाला आटे पाडले.”

शेवटच्या वर्षी आप्पांना उठता येत नव्हते. नजरही गेली होती. नवमीला मी एकटीच गोठ्यात गेले, नाकाला तेल लावले, ठसा घेतला आणि केळीच्या पानावर त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. त्यांचा हात धरून अंगठा पिठावर टेकवला.

नख हळूहळू फिरले. पहिला कंगोरा, दुसरा, तिसरा. तिथे जरा थांबले, आणि पुढे गेले.

“घरचेच आहे,” आप्पा म्हणाले.